शिवकांता कुणाच्या सांगण्यावरून बसली?

लातूरकडच्या मुरुडजवळ एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असली की लोकांना वाटतं, आप्पाला काही ऐकू येत नाही. म्हणून ते माझ्यासमोरच बिनधास्त बोलतात. मला सगळं ऐकू येतं, आणि ऐकलेल्यातलं निम्मं खोटं वाटतं. बायको म्हणते, तुम्ही देवळातल्या घंटेवरसुद्धा शक घ्याल. घेतो. कुणी फार सरळ बोलायला लागला की त्याच्या मागं कोण उभं आहे ते मी आधी बघतो. म्हणूनच ही गोष्ट मी सांगितलेली बरी. आप्पानं पोरीची बाजू घेतली असं तरी कुणी म्हणणार नाही.

शिवकांता ही रामलिंगची थोरली लेक. रामलिंग कोरडवाहू शेती करणारा, आठवडाभरात चार वाक्यं बोलणारा माणूस. पोरगी मात्र लहानपणापासून भिंगरी. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन पळत यायची आणि पीठ सांडलं की माझ्याशीच भांडायची. शाळेतल्या सुगत सरांनी तिला खो-खोत घातलं. शाळेमागं गावाचं मोकळं मैदान आहे, तिथं ती पहाटेपासून पळायची. राज्य पातळीपर्यंत खेळून आली, आणि खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीत तिची निवड झाली. फक्त चारित्र्याची पडताळणी तेवढी राहिली होती. रामलिंगच्या घरात आजवर कुणी पगार पाहिला नव्हता, त्यामुळं त्या पडताळणीवर सगळं घर टांगलेलं होतं.

तेवढ्यात सतरा सप्टेंबर आला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. दरवर्षी त्या मैदानावर झेंडावंदन होतं. यंदा झेंड्यानंतर शिवकांताचा सत्कारही ठरलेला. पण दोन दिवस आधी गावचे पुढारी भुजंगराव माणसं घेऊन आले आणि मैदानावर दुकानांचे गाळे आखून गेले. ज्या पांढऱ्या फक्कीनं पोरी खो-खोच्या रेघा मारायच्या, त्याच फक्कीनं गाळे आखले. गावात कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. गाळ्यांतला एखादा आपल्यालाही मिळेल, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात होतं.

झेंडा वर गेला, राष्ट्रगीत सुरू झालं आणि पहिल्या रांगेतली शिवकांता खाली बसली. मांडी घालून नव्हे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या खेळाडू बसतात तशी, उकिडवी, एक हात जमिनीवर टेकून, नजर झेंड्यावर. राष्ट्रगीत ती म्हणत होती, आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आधी लोकांना वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली. गीत संपल्यावर भुजंगरावांनी शाल उलगडली आणि तिला हाक मारली. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "शाल नको मला. मैदान ठेवा. पोरींनी खेळायचं कुठं?"

दुपारपर्यंत तो व्हिडिओ लातूरपर्यंत पोचला. त्यात तिचं बसणं होतं, गाणं कापलेलं होतं आणि शेवटचं बोलणंही कापलेलं होतं. कुणी कापलं ते मी सांगत नाही, पण गावात चांगला मोबाइल कुणाच्या पुतण्याकडे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. खाली लोकांनी काय काय लिहिलं! देशद्रोही, माजलेली, हिला वर्दी देऊ नका. ज्यांना आमचं गाव नकाशात सापडायचं नाही तेही लिहीत होते.

गिरणीवर मात्र वेगळंच चालू होतं. पोरगी चुकली की बरोबर, याची फारशी कुणाला पडली नव्हती. सगळ्यांना एकच हवं होतं, हिला शिकवलं कुणी?

"भरतीच्या क्लासाला लातूरला जायची ना, तिथं अशीच पोरं भेटतात," एक जण म्हणाला.

"छे! भुजंगरावांच्या विरोधकानं पैसे चारले असतील."

"एखादा पोरगा असंल मागं. बघा तुम्ही."

मग एक बाई डबा खाली ठेवत हळूच म्हणाली, "तो सुगत मास्तर हाय की. त्या लोकांना लई असतंय आंदोलनाचं." सगळ्यांनी माना हलवल्या. मला संताप आला. सुगत सर पंधरा वर्षं फुकट पोरींना खेळवत होते तेव्हा ते नुसते मास्तर होते, आणि एका दिवसात 'ती लोकं' झाले. मी त्या बाईचं दळण मुद्दाम जाड काढलं. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात विरोधकाचं नाव घोळत होतंच. एवढीशी पोरगी आपल्या डोक्यानं एवढं करील, हे माझ्या गळी उतरत नव्हतं.

कुणीतरी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. जमादार हणमंत मोटारसायकलवर येऊन गावात विचारपूस करून गेला, आणि पडताळणी अडली. चार दिवसांनी भुजंगरावांनी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. आवाज मधाळ होता. मला मधाळ आवाजाची भारी भीती वाटते.

"पोरगी आपलीच हाय," ते म्हणाले. "तिचं वाटोळं व्हावं असं कुणाला वाटंल? शिवकांता, तू फकस्त सांग, तुला कुणी शिकवलं. सरांनी का? सरांचं नाव घे, अर्ज मी माघारी घ्यायला लावतो. उद्याच पडताळणी होईल तुझी."

"कुणीच न्हाई शिकवलं. माझं मी बसले."

"असं कसं होईल?"

"काहून होणार न्हाई? रेघा मारल्या तवा मी तिथंच पळत होते. घरी जाऊन विचार केला न् बसले."

 कुणाच्याही चेहऱ्यावर विश्वास नव्हता. भुजंगरावांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज बदलला. "मग वर्दीचं इसर तू."

तेव्हा रामलिंग उठला. टोपी हातात घेतली. "म्या सांगितलं तिला," तो म्हणाला. "माझी सोयाबीनची रास दरसाली त्या मैदानात पडती. गाळे झाले तर रास कुठं टाकू? म्हून म्या म्हणलं, बस खाली. तिचा काई दोष न्हाई, मालक."

मी शपथेवर सांगतो, सगळ्या पाराला हायसं वाटलं. "असं व्हय! आधी सांगायचं की, रामलिंग!" कुणी तर हसलंसुद्धा. रास, जागा, बापाचा हुकूम. हे सगळ्यांना कळण्यासारखं होतं. भुजंगरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चार शिव्या दिल्या, माफ केलं आणि अर्ज माघारी घ्यायचं कबूल केलं. शिवकांता बापाकडे बघत राहिली. घरी जाताना गिरणीसमोर ती थांबली आणि फुटलीच.

"अण्णा, तुम्ही खोटं काहून बोललात?"

"नोकरी वाचली तुझी."

"नोकरी वाचली न् मी गेले. आता मी काईच केलं न्हाई. तुम्ही बसवलं म्हून बसले. बाहुली हाय का मी?"

रामलिंगनं हातातली टोपी डोक्यावर चढवली. त्याचे डोळे भरले होते. मला दोघांचीही कणव आली. कुणाला चूक म्हणावं ते आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटी ठाण्यात गेली. हणमंतला म्हणाली, "माझ्या वडलांनी खोटं सांगितलं. बसायचं माझ्याच मनात आलं. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." नोकरी जाईल हे धरूनच ती गेली होती. हणमंतनं तिला खुर्ची दिली, चहा पाजला. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं म्हणे. "बापाला वाचवायला आलीस बाई! अशी लेक नशिबात असावी लागती." आणि त्यानं चारित्र्य उत्तम असल्याचा शेरा मारला.

अशी शिवकांता पोलीस झाली. मैदानावर गाळे उभे राहिले. रामलिंगची रास आता रस्त्याच्या कडेला पडते. आणि शिवकांता नांदेडला असते. झेंडावंदनाच्या बंदोबस्तात ती ताठ उभी असलेला फोटो कुणीतरी गावात फिरवला, तेव्हा सगळे म्हणाले, बापाच्या शब्दाबाहेर नाही पोरगी, पहिल्यापासून.

मागच्या दिवाळीत ती आली होती. वर्दीत नव्हती. दळणाचा डबा घेऊन आली, पण चालत. गिरणीवर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मी गिरणी बंद केली, कारण मला तिला नीट ऐकवायचं होतं.

"शिवकांता, तू तुझ्याच मनानं बसलीस," मी म्हणालो. "मला त्यात काडीचा शक नाही."

आयुष्यात मी इतक्या खरेपणानं कुणाला काही बोललो नसेन. तिनं माझं तोंड निरखलं. मग तिनं दाराबाहेर डोकावून पाहिलं, डबा उचलला आणि थंडपणे विचारलं, "आप्पा, हे बोलायला तुम्हाला अण्णांनी पाठवलं का?"