गजूच्या नावावरचे गोल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, वर्गातल्या पोरांजवळ नाही — आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. याआधी दोनदा लिहायला बसलो होतो. दोन्ही वेळा नुसतं आमच्या टीमबद्दल लिहीत गेलो आणि पानं फाडली. टीमबद्दल लिहिणं सोपं आहे.

तरी सुरुवात तिथूनच करावी लागेल. मी तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका डिग्री कॉलेजात शिकतो. तामसीकडच्या एका खेड्यातून रोज बसने येतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मागच्या हिवाळ्यात आमची फुटबॉल टीम सात सामने खेळली — सहा हरलो, एक बरोबरीत सुटला. मी गोलकीपर होतो. माझ्यापुढे बचावाला गजानन. आमचा गजू. माझ्याच गावचा, पहिलीपासून माझ्या शेजारी बसलेला.

गजूला खेळाचा मास्तर व्हायचं होतं. दुसरं काहीच नाही. आमच्या गावच्या शाळेत खेळाचा मास्तर कधी आलाच नाही, तर तो आपण व्हायचं, असं त्याने ठरवलं होतं. कॉलेजचे खेळाचे सर — आम्ही त्यांना पीडी सर म्हणतो — दरवर्षी एका खेळाडूचं नाव विद्यापीठाच्या संघाच्या निवडीसाठी पाठवतात; तिथे खेळलं की खेळाच्या मास्तरकीच्या कोर्सला जागा मिळणं सोपं जातं. त्या वर्षी ते नाव गजूचं जाणार, हे सगळे धरून चालले होते.

पीडी सरांची एक पद्धत आहे. सामना संपला की मैदानावरच रिंगण करून बसायचं, बूट काढायचे, आणि प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची. स्वतःची. सर तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलतात — "अपनी बोलो, बाजूवाले की नहीं." एकदा तिसरा सामना हरल्यावर आमचा एक फॉरवर्ड म्हणाला, "सर, मेरी गलती ये कि मैं आज आया." सरसुद्धा हसले. त्या रिंगणात हरल्याचं ओझं जरा हलकं व्हायचं. सगळ्यांचं.

माझं नाही. मी दर वेळी काहीतरी सांगायचो — उडी उशिरा मारली, हात ओले होते. खरी चूक मला सीझनच्या आधीपासून माहीत होती.

कॉलेजात डोळे तपासायचं शिबिर झालं होतं. तिथल्या बाईंनी चिठ्ठी दिली — लांबचं बघायला चष्मा हवा. "खेळतोस का? मग उशीर नको करू." मी चिठ्ठीची घडी केली आणि ओळखपत्राच्या प्लास्टिकमध्ये, माझ्या फोटोच्या मागे सरकवून दिली. का? बाबा गावात सांगत फिरायचे, पोरगा पोलिसात जाणार. चष्मा लागला की पोलिस भरती संपली, असं मी ऐकलं होतं. खरं-खोटं कुणाला विचारलं नाही. पण थांबा — भरतीचं हे कारणही मी नंतर शोधलं असावं. त्या वेळी मनात एवढंच होतं, की चिठ्ठी दाखवली तर हातमोजे दुसऱ्या कुणाला जातील. ते हातमोजे घातल्यावर मला पहिल्यांदा वाटलं होतं, की या कॉलेजात मी कुणीतरी आहे.

उन्हात निभायचं. बरोबरीचा तो सामना सकाळी अकराचा होता. पण संध्याकाळच्या सामन्यांत, उजेड मळकट झाला की मैदानाचा पलीकडचा अर्धा भाग म्हणजे नुसते हलणारे रंग. बॉल दिसायचा तो अगदी अंगावर आल्यावर. मग मी अडवायचो कसा? गजूच्या आवाजावर. तो सतत ओरडायचा — "डाव्या आंगाले! खाली, खाली! सोड बे, भाईर चालला!" पोरं त्याला गजूचा रेडिओ म्हणायची. त्याला ओरडायची सवयच होती. मी त्या आवाजावर उड्या मारतोय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यालाही नाही — असं मी धरून चालतो.

पाचव्या सामन्यात गजू दुसऱ्या बाजूला एका पोरामागे धावत होता. दम लागला होता, ओरडला नाही. लांबून कुणीतरी मारला. मी जागचा हललोच नाही. जाळी हलल्यावर मला कळलं.

रिंगणात सरांनी मला सरळ विचारलं, "तू हिला क्यों नहीं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चिठ्ठी माझ्या खिशातच होती, ओळखपत्रासकट. आणि मी म्हणालो, "सर, गजू सामने आ गया था. दिखा नहीं."

बॉल दिसला नव्हता, हे खरंच होतं. म्हणूनच जीभ अडखळली नाही.

गजूच्या हातात बुटाची नाडी होती. तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही — आठवून बघितल्यासारखा. मग सरांना म्हणाला, "आया होंगा, सर." एवढंच. सर हळू आवाजात म्हणाले, मग आधीचेही असेच गेले असतील. एका वाक्यात सगळ्या सामन्यांचे गोल गजूच्या नावावर गेले. मी काय केलं? बूट झटकले. त्यातली माती कधीच पडून गेली होती, तरी झटकत राहिलो.

त्या दिवशी बसमध्ये त्याने विचारलं, "मी खरंच मधात आल्तो का बे?"

"व्हय. जरासा."

"मंग मले काऊन वाटून नाही राह्यलं?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. कापसाची शेतं असावीत. पांढरं, धुरकट काहीतरी होतं. त्या वेळी सांगता आलं असतं. बसमध्ये आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

शेवटचे दोन सामने गजू बाहेर बसला. माझ्यापुढे दुसरा मुलगा होता, चांगला होता, पण तो ओरडायचा नाही. बॉल कुठून यायचे ते मला कळायचंच नाही. पोरं म्हणाली, टीमचा जीवच गेला. निवडीसाठी सरांनी दुसऱ्याचं नाव पाठवलं. नोटीस बोर्डावर गजूने ते नाव वाचलं. मागे वळून म्हणाला, "बरोबर केलं सरनं. ज्याले आपून कुठं उभं हाओ हेच समजत नाही, तो पोराइले काय शिकवंन?"

माझ्यावर विश्वास ठेवला त्याने. स्वतःच्या पायांपेक्षा जास्त.

आता तो मैदानावर येत नाही. सुट्टीच्या दिवशी इचोड्याला एका टायरच्या दुकानात कामाला जातो. खेळाच्या मास्तरकीचं पुन्हा काढत नाही. मी यंदाही टीममध्ये आहे. हातमोजे माझ्याकडेच आहेत. चिठ्ठी फोटोच्या मागे आहे. प्लास्टिकमधून तिची एक कड दिसते.

संध्याकाळी आम्ही अजूनही एकाच बसने घरी जातो. बस स्टँडवर लांबून येणाऱ्या बसची पाटी मला वाचता येत नाही. पाट्या तेलुगूत असतात आणि मी मराठी शाळेतला, म्हणून कुणाला त्यात काही वाटत नाही. गजूही त्याच शाळेतला, पण अक्षरांच्या आकारावरून पाटी ओळखायला शिकलाय. तो पुढे होऊन बघतो आणि नेहमीसारखा ओरडतो, "तामसीची हाय, चाल! दिसली का?"

मी म्हणतो, दिसली.