आईनं उचललेली वायर

चित्र सारखं जात होतं, म्हणून जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची वायर मी ब्लेडनं सोलली. आत केसाहून बारीक तांब्याच्या तारा होत्या, त्यातल्या निम्म्या तुटलेल्या. ताईच्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची होती, आणि ते सगळं लग्न या उरल्यासुरल्या तारांवरून येणार होतं. एवढ्याशा वाटेनं सनई, अक्षता, मांडवभर माणसं कशी येत असतील? हातातलं काम थांबवून मी नुसता बघत राहिलो.

मग तारा कथिलाचा डाग देऊन जोडल्या, वर रबरी नळी चढवली. वायर जिथं वाकते तिथं बॉलपेनची स्प्रिंग गुंडाळली, म्हणजे पुन्हा तिथंच मोडायला नको. तरीही भरवसा नव्हता, म्हणून ताई तो जोड चिमटीत धरून बसली.

पडद्यावरच्या मुंग्या विरल्या आणि आई दिसली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. पंगतीच्या वाटेत व्हिडिओवाल्याच्या दिव्याची वायर आडवी आली होती, ती आईनं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरली होती. "या, खालून या. पानं वाढलीयत," ती प्रत्येकाला सांगत होती. माणसं वाकून जात होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या दिवशी आमचंही नव्हतं.

"ताई, सोड आता. जोड पक्का बसलाय," मी म्हटलं.

पडद्यावरची नजर न काढता ताई म्हणाली, "आईनं कुठं सोडलीय अजून?"