दाराबाहेरचं कार्ड

"चावीवाले आहेत का?" फोनवर कोणीतरी अगदी घायकुतीला आलं होतं.

"बोला ना, मीच."

"नाही, ते काका असतात ना... त्यांना द्या जरा."

"काका शेजारीच बसलेत. कामाला मी येते. कुलूप कुठलं आहे? लॅच की साधं?"

"बरं... बघतो मी." खट्.

तिने फोन फळीवर ठेवला आणि अर्धी कापून झालेली चावी पुन्हा मशीनला लावली. जिन्याखालची ती टपरी एवढीशी की आत दोघं बसले तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं. भिंतभर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या चाव्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर तिचे बाबा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले. हात मोकळे सोडले की थरथरायचे, आणि ते कोणी पाहिलेलं त्यांना खपायचं नाही.

"ठेवला ना त्याने?"

"ठेवला."

"मी काय म्हणतो..."

"तुम्ही काय म्हणताय ते मला तोंडपाठ आहे, बाबा."

खरंच होतं पाठ. तिच्या चुलतभावाला ही टपरी हवी होती, मोबाइलची कव्हरं विकायला. बाबांनी त्याला हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. "महिनाअखेरीपर्यंत बघू," म्हणाले होते. काय बघायचं, ते तिघांनाही ठाऊक होतं. लोक तिला कामाला बोलावतात की नाही, एवढंच.

हात चांगला होता तिचा. शाळेतून आली की दप्तर भिरकावून कुलपं खोलत बसायची, ती थेट जेवायला हाक येईपर्यंत. पण दाराबाहेर अडकलेला माणूस आधीच गांगरलेला असतो. त्यात बाईचा आवाज आला की त्याला वाटतं, आपण चुकीचाच नंबर फिरवला.

"कार्ड छापते," ती म्हणाली. "वर ठळक लिहायचं, चावीवाली. म्हणजे फोन लावण्याआधीच कळेल, बाई येणार आहे. ज्याला चालत नाही तो लावणारच नाही. आणि ज्याने लावला तो असा खाडकन ठेवणार नाही."

बाबा हसले. "आपल्या धंद्यात कार्ड! अगं, मीही छापली होती एकदा. वळणावरच्या आजींनी किती जपून ठेवलं होतं, फ्रिजला चिकटवून. एके दिवशी वाऱ्याने दार लागलं. आजी बाहेर, फ्रिज आत. बोलावलं मग चौकातल्या दुसऱ्याला."

त्यांना वाटलं, तीही हसेल. तिने मशीन बंद केलं.

"म्हणजे आपलं कार्ड घराबाहेर हवं."

"बाहेर कुठे?"

"दाराच्या चौकटीवर. कुलपाच्या वर, वीतभर."

"उन्हात, पाण्यात? लगदा होईल त्याचा."

"ते छापणारा कोण, त्यावर आहे," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. बाबा पुढे काय बोलले, ते त्या घरघरीत गेलं.

दुसऱ्या दिवसापासून ती छापणाऱ्यांच्या मागे लागली.

पहिल्या ठिकाणी काचेचं दार, आत सोफा, सोफ्यावर बसताक्षणी कॉफी. लॅपटॉपवाल्या मुलाने कार्डांचा पत्त्यांसारखा पंखा करून समोर धरला. "मॅट की ग्लॉसी, मॅडम? सोनेरी कडा आमची खासियत आहे."

सोनेरी कडेवर तिचा जीव तिथल्या तिथे जडला. तरी तिने विचारलं, "ऊन लागलं तर?"

"कार्डाला ऊन कशाला लागेल? पर्समध्ये असणार ना ते."

"आणि पर्स घरात असेल."

मुलाने कॉफीच्या कपाकडे पाहिलं, जणू दोष कॉफीचा होता.

"एकच नमुना द्या," ती म्हणाली. "माझा नंबर घालून. त्याचे काय होतील ते देते."

कॉलेजजवळच्या झटपटवाल्याने उभ्या उभ्या नमुना छापून हातात ठेवला. "भिजलं तर या परत, दुसरं छापू! आम्ही कुठे पळून चाललोय?"

"तुम्ही नाही हो, शाई," ती म्हणाली. तोवर तिच्या अंगठ्याला निळा रंग लागला होता.

तिसरी कंपनी मोबाइलवरची. तिला दुकान नाही, माणूस नाही. तिथे 'टिकाऊ' या शब्दाशेजारी छत्रीचं चित्र होतं. टिकाऊ म्हणजे किती, असं तिने विचारलं तर उत्तर आलं, आपण आमच्यासाठी मोलाच्या आहात. तिने नमुना मागवून टाकला.

चौथ्या जागेचा पत्ता तिला फिनेलच्या बाटलीवर सापडला. टपरीची फरशी पुसताना बाटली उचलली आणि ओला अंगठा लेबलावर घासला. लेबल हूं की चूं करेना. खाली बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नाव आणि पत्ता होता. ती ओल्या हातांनीच उठली.

तिथे सोफा नव्हता. खोके, डिंकाचा वास आणि अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या एक बाई.

"आम्ही कार्डं करत नाही," बाई मान वर न करता म्हणाल्या. "बाटल्यांची लेबलं करतो."

"तुमचं लेबल ओलं होतं?"

"रोजच. न्हाणीघरातच मुक्काम असतो त्याचा."

"मळक्या हातांनी धरतात?"

"धुतलेल्या हातांनी फिनेल कोण धरतं?"

"मग निघत कसं नाही?"

"निघायला लागलं तर मला इथे कोण ठेवेल?"

"मला तसंच एक लेबल द्या. फक्त त्यावर फिनेल लिहू नका."

बाईंनी आता मान वर केली, आणि हसू दाबत म्हणाल्या, "नमुना देते. पण तुला आवडणार नाही, आधीच सांगते. आमच्याकडे अक्षर एकच, आणि कागद पिवळा."

नाहीच आवडलं तिला.

चारही नमुने तिने घराच्या दाराच्या चौकटीवर, कुलपाच्या वर, एकाखाली एक चिकटवले. त्या बाजूला दुपारभर ऊन यायचं, आणि जिना धुणारा बादली ओतायचा तेव्हा पाणी थेट दारापर्यंत उडायचं. चारही कार्डांवर मजकूर एकच होता: चावीवाली. दार अडकलं? बाई येते. आणि खाली तिचा स्वतःचा नवा नंबर.

समोरच्या वहिनी केर काढता काढता थबकल्या. "काय गं, निवडणुकीला उभी राहिलीस की काय?"

"मी नाही, वहिनी. ही चौघं उभी आहेत."

बाबांनी चष्मा नाकावर सरकवून पाहिलं. "हे पिवळं खोकल्याच्या औषधासारखं दिसतंय. जेवणानंतर घ्यायचं का?"

झटपटवाल्याचं कार्ड पहिल्याच धुण्यात निळं होऊन ओघळलं. छत्रीवाल्या कंपनीचं कार्ड एका सकाळी खाली उपडं पडलेलं सापडलं. सोनेरी कडा मात्र अजून चमकत होती. मधली अक्षरं फिकी झाली होती, पण जाता येता ती तिथे थांबायची आणि स्वतःशीच म्हणायची, वाचता येतंय की! सगळा नंबर तिला वाचता यायचा. पिवळ्याकडे बघायला तिला कारणच नव्हतं. सोफेवाल्याला होकार कळवायचा, असं तिने मनात जवळजवळ ठरवूनच टाकलं.

महिना सरत आला. चुलतभाऊ मापाची टेप घेऊन टपरीत उगवला. भिंत मोजता मोजता म्हणाला, "ताई, हे खिळे तेवढे राहू देत हं. कव्हरं अडकवायला बरे पडतील."

"खिळे राहणारच आहेत," ती म्हणाली. "मी उठले तर ना!"

दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून ती बाजारात कोऱ्या चाव्या आणायला गेली. आई मावशीच्या गावी गेलेली. घाऊकवाल्याच्या दुकानात पेटीत हात घालून ती चाव्या निवडत असताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"चावीवाली आहे का?"

आवाज ऐकून तिच्या हातातली चावी पेटीत पडली. "बाबा?"

"वहिनींच्या फोनवरून बोलतोय. कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आलो, आणि लागलं दार पाठीमागे. माझी चावी आत, तू ठेवून गेलीस तीही आत, फोन आत. ये लवकर."

"थांबा. नंबर कुठून मिळाला तुम्हाला?"

"कुठून म्हणजे? चौकटीवरून."

"कुठल्या कार्डावरून?"

"अगं, मी बनियनवर उभा आहे जिन्यात!"

"बाबा, कुठलं कार्ड?"

मागून वहिनींचं हसू ऐकू आलं. बाबांनी एक सुस्कारा सोडला. "त्या सोनेरीवर आधी प्रयत्न केला. वहिनींनी तीनदा फोन लावला, तीनदा भलत्याच माणसाला. शेवटचे आकडे साफ उडालेत. मग तुझं ते खोकल्याचं औषध वाचलं."

इतके दिवस ती सोनेरी कार्डावर जे वाचत होती, ते कार्डावर नव्हतंच. नंबर तिचा स्वतःचा होता, डोळे मिटूनही तिने वाचला असता.

ती पोहोचली तेव्हा बाबा पायरीवर बसले होते, हात मांड्यांखाली. वहिनी म्हणत होत्या, "मी म्हटलं चौकातल्या माणसाला बोलावू, तो जवळ आहे. ऐकतील तर ना काका!"

तिने पिशवीतून सळई आणि पट्टी काढली, दारापुढे गुडघ्यांवर बसली. गावभरची दारं उघडलेला माणूस मागे उभा राहून बघत होता.

"पट्टीवर जोर देऊ..." बाबांनी सुरुवात केली.

"गिऱ्हाइकाने मधे बोलायचं नाही."

कुलपात एक बारीक टकटक झाली, मग दुसरी, आणि दार आत सरकलं.

बाबा आत गेले, टेबलावरचा फोन घेतला, थरथरत्या बोटाने दोनदा चुकीचं बटण दाबलं, तिने पुढे केलेला हात बाजूला सारला आणि तिसऱ्यांदा बरोबर दाबलं.

"हां, काका बोलतोय. कव्हरांसाठी दुसरीकडे जागा बघ तू." पलीकडचं ऐकून घेतलं. "अरे, ती रिकामी कुठे आहे? चावीवाली बसते तिथे." आणि फोन ठेवला. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अक्षर मोठं करायला सांग. माझा चष्माही आतच राहिला होता."

सकाळी ती लेबलांच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली. बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली.

"काय, आवडलं का?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. "छापा."