मधल्या पाटावरचा पाना

खंडेनवमीला झेंडू आणि खोबरेल यांचा एकत्र वास आला, की माझं डोकं अजूनही फिरतं.

लढाईत बाबा रणगाडा चालवायचे, तेव्हा त्यांच्या कमरेला रिव्हॉल्वर असायचं. त्यांचा मान म्हणून मी तसंच एक जुनं, निकामी केलेलं रिव्हॉल्वर कितीतरी खेटे घालून मिळवलं आणि खंडेनवमीला पेडण्याच्या घरी आणलं. शस्त्रपूजेत ते मधोमध झळकेल, अशी माझी कल्पना! बाबांनी त्याला खोबरेल चोपडलं आणि कोयत्याशेजारी कडेला ठेवून दिलं. मधल्या पाटावर काय, तर सुर्ल्याच्या खाणीवर ते ट्रक चालवायचे तेव्हाचा काळाकुट्ट पाना!

"बाबा, ह्या लढाईतला आसा!" मी ओरडलो.

"अरे, असलाच मी कमरेक लावून गेलंय, तसाच लावून परत इलंय. चलवूक एकदाव लागूक नाय. पान्यान तुमची पोटां भरली." मग हळूच म्हणाले, "तू हाडलंस म्हणान एक फूल घालतंय."

मी पाय आपटत बाहेर गेलो.

आता बाबा नाहीत. आज पूजा मांडताना मुलीने विचारलं, "पप्पा, पाना खंय ठेवू?"

"मधी!" मी खेकसलो. "आणि खंय?"