मागच्या खोलीचा पंखा

हे घरात कुणालाच ठाऊक नाही — नवऱ्याला तर नाहीच नाही. तुम्हालाही सांगणार नव्हते. पण आता ठरवलंय, आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. जे झालं ते माझ्या या हट्टी स्वभावामुळे, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. तसं म्हणणार नाही.

आमचं घर उमेळ्यात. सासऱ्यांची केळीची वाडी होती. तिचा रस्त्याकडचा तुकडा विकून उरलेल्या जागेत घर बांधलं. मागची खोली सासूबाईंची. भारनियमनाचे दिवस होते ते — दुपारची जेवणं आटोपली की वीज गेलीच म्हणून समजा. नवऱ्याने हौसेने गच्चीवर दोन सोलर पॅनेल बसवली, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर. आळीत तेव्हा कुणाकडे असलं काही नव्हतं. सासूबाईंना तर कोण कौतुक! येईल त्याला हाताला धरून वर न्यायच्या, "उनाची वीज हाय आमची," म्हणून दाखवायच्या. शेजारी बिल्डिंगांची कामं चाललेली, सगळी धूळ पॅनेलवर. रोज सकाळी त्या गुडघे धरत जिना चढायच्या आणि ओल्या फडक्याने काचा पुसून यायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता पुढचं — कसं सांगू? सरळच सांगते.

वायरमन आला तेव्हा नवरा कामावर होता. कुठले दिवे, कुठले पंखे इन्व्हर्टरवर घ्यायचे, ते मी दाखवत होते. हॉल, आमची खोली, स्वयंपाकघर. "मागच्या खोलीचा पंखा घेऊ ना, वहिनी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, लोड येईल. एवढ्याने काही होत नाही, असं तो म्हणाला, तरी मी नकोच म्हणाले. घरात मात्र सांगितलं — वायरमन म्हणतो, तो पंखा चालणार नाही, बॅटरी बसेल.

का? सासूबाईंनी मला छळलं होतं का? नाही हो! मला ती खोली हवी होती. मी शिकवण्या घ्यायचे, मुलं वाढली होती, हॉलमध्ये मावत नव्हती. खोली मागितली असती तर नवऱ्याने मला उभंच केलं नसतं — आणि मागायची तरी कुठल्या तोंडाने? सासऱ्यांमागे घर सासूबाईंचं, जमीन सासूबाईंची. धाकटे दीर कामणला राहायचे. सासूबाईंनी आपणहून त्यांच्याकडे जावं, एवढं मला हवं होतं. ते काम मी उकाड्यावर सोपवलं.

दुपारी हॉलमध्ये माझी शिकवणीची मुलं बसलेली, आमच्या खोलीत आडवं व्हायला सासूबाई लाजायच्या. राहता राहिली त्यांची खोली.

आणि यातलं सगळ्यात वाईट ऐका. उन्हाळ्यात भर दुपारी बॅटरी भरलेलीच असायची. भरली की इन्व्हर्टरच्या पेटीवर हिरवा दिवा लागायचा. त्यानंतरचं ऊन फुकटच जायचं. जाता-येता मी तो दिवा बघत होते. वर स्लॅब तापलेला, खाली सासूबाई पदराने वारा घेत पडलेल्या. दया आली का? आली. पण मी मागे हटले नाही.

मे महिन्यात त्यांच्या अंगभर घामोळं उठलं. एक दिवस त्याच म्हणाल्या, "मी जाते बाय, कामनला. तिथं पडवीला वारा लागतो." नवरा हिरमुसला. मी त्यांची पिशवी भरून दिली. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं. एक वायर जोडायची होती, चहा निवायच्या आत काम झालं. नवऱ्याला म्हटलं, दुसऱ्या वायरमनला विचारलं, तो म्हणतो चालेल.

नवरात्रात त्या दिरांबरोबर भेटायला आल्या. जेवून आपल्या खोलीत टेकल्या. तिथला फळा, सतरंज्या पाहिल्या. तेवढ्यात वीज गेली. पंखा फिरतच राहिला. त्यांनी वर पाहिलं — मग माझ्याकडे. मी दारातच उभी होते. वाटलं, आता विचारतील. विचारायला हवं होतं त्यांनी! त्या उठल्या, बटण बंद केलं. "ऱ्हाऊ दे. पोरांच्या अभ्यासाला लागंल," म्हणाल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

त्यांना कळलं होतं का? कळलंच असणार. बटण माझ्या हाताशी होतं. ते दाबून म्हणता आलं असतं — आई, आत या, इथेच राहा. शब्द फुटला नाही, असं मी सांगणार नाही. शब्द होता. तो बोलले तर खोली हातची जाईल, हे मला पक्कं दिसत होतं, म्हणून गप्प राहिले.

संध्याकाळी त्या कामणला परत गेल्या. पुढे उमेळ्याला राहायला कधी आल्या नाहीत. वारल्या त्याही तिकडेच. नवरात्रातल्या त्या संध्याकाळी दिरांची गाडी वळणाआड गेली, तशी मी शिकवणीच्या मुलांना मागच्या खोलीत बसवलं आणि पंखा लावला.