न खुडलेली कळी

शनिवार पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडाला अंगण नव्हतं, गच्ची होती. तिथं अकरा कुंड्यांत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गुलाब लावले होते. खाली ते सरकारी कचेरीतले कारकून होते, वर त्यांचा शब्द शेवटचा असे. मी नऊ वर्षांची झाले तेव्हा त्यांनी मला हाताखाली घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "झाडावर माया असेल तर दया करायची नाही."

हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय, असंही नाही.

फांदीच्या शेंड्याला एक मोठी कळी येते आणि खाली पानांच्या बेचक्यांतून छोट्या फुटत राहतात. प्रदर्शनासाठी एकच फूल मोठं हवं, म्हणून छोट्या कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच नखानं खुडायच्या. नाहीतर मोठीचं बळ त्या खातात, असं अण्णा म्हणत. सहा वर्षं ते थंडीतल्या गुलाब-प्रदर्शनात फूल ठेवत होते आणि सहाही वर्षं त्यांना उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं होतं. आईनं ती फडताळात डब्यांखाली अंथरली होती. या वर्षी पहिलं बक्षीस नाही मिळालं तर बास, असं अण्णांनी जाहीर केलं होतं.

त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता, म्हणून खुडण्याचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडे. ओल्या मातीचा वास, नखात बसलेला हिरवा रस. खाली अभ्यासाला जावंसं वाटत नसे. मी सगळ्या कळ्या इमानानं खुडल्या. फक्त ज्या लाल गुलाबावर अण्णांची भिस्त होती, त्याच्याच फांदीवर अगदी बुडाशी पानाआड एक होती, ती ठेवली. दया आली म्हणावं, तर बाकीच्या पन्नासेक मी गुणगुणत खुडल्या होत्या.

पुढचे पंधरा दिवस मी रोज मोठ्या कळीकडे पाहत होते. ती लहान राहिली तर कारण मला एकटीला माहीत होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी अण्णांनी फूल लांब देठासकट कापलं. बुडाची कळी झाडावरच राहिली. सायकलच्या दांडीवर बसून मी फुलाची बाटली धरली. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले, वास नसलेला गुलाब हुंगून त्यांनी डोळे मिटले आणि एकाग्रतेवर बराच वेळ बोलले. मग आमच्या फुलाला पहिलं बक्षीस मिळालं.

आठवडाभर अण्णा भेटेल त्याला खुडण्याचं महत्त्व सांगत होते.

"म्हणजे निर्दयपणा हवा," ते शेजारच्या काकांना म्हणाले.

"एवढे निर्दय आहात, तर बढती कशी नाही झाली हो?" काकांनी विचारलं.

तोवर बुडाची कळी उमलली होती. मला राहवेना.

"अण्णा, एक राहिली होती."

"काय?"

"कळी. बक्षिसाच्या फांदीवरच. मी मुद्दाम ठेवली."

त्यांनी चष्मा लावला आणि कुंडीपाशी उकिडवे बसले. फूल छोटं होतं, जरा वाकडंही.

"प्रदर्शनाच्या आधीपासून होती?"

"हो."

"मग ते एवढं मोठं आलं कसं?"

रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते खरोखर विचारत होते, आणि मी नऊ वर्षांची होते. जिन्यातून आई म्हणाली, "अहो, चहा गार होतोय." ते उठले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांनी प्रदर्शनाचा अर्ज भरला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "एकतर परीक्षकांना काही कळत नाही, नाहीतर मला. दोन्हीकडून तिथं जाण्यात अर्थ नाही." झाडांना भाराभर लहान फुलं येऊ लागली. आई खूश होती, तिला देवाला फुलं मिळत होती. अण्णांची मी सुटका केली की त्यांचं एकमेव सुख काढून घेतलं, ते मला ठरवता येईना.

एका संध्याकाळी त्यांचं नख एका कळीपाशी जाऊन थांबलं.

"काय करू ग?"

"राहू द्या."

"का?"

ते मला सांगता येईना. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि कळी खुडली.