यमुनाबाईंचं रडकं पाळणाघर

यमुनाबाई गेल्याची बातमी मला नागपुरात बर्डीच्या बाजारात पेरू निवडताना कळली. हातगाडीवाली गिरजा तराजू हातात धरूनच म्हणाली, "आपल्या यमुनाबाई गेल्या नं बाई... पंधरा दिवस झाले. तुमाले कोनं सांगतलं नाई?" मला कोण सांगणार? कोराडीचं पाळणाघर सोडून मला बारा वर्षं होत आली होती. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, आधी एक प्रश्न आठवला. माझा स्वभावच तसा. घरचे त्याला सरळ भोचकपणा म्हणतात. एका संध्याकाळी यमुनाबाईंनी गिरजाला जे विचारायला हवं होतं ते विचारलं नव्हतं. का, हे मला त्यांच्याकडून एकदा काढून घ्यायचं होतं, आणि आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता ते राहून गेलं.

तेव्हा कोराडीला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मी बालवाडीचा कोर्स करून नुकतीच नोकरीला लागले होते. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायकांना तिकडे रेजा म्हणतात. त्यांच्या मुलांसाठी टिनाची एक शेड होती, बांबूला टांगलेल्या झोळ्या होत्या, पाण्याचा रांजण होता, आणि सांभाळायला आम्ही दोघी. आयांनी पाळीपाळीनं जमीन सारवून द्यायची, एवढाच तिथला दर. यमुनाबाई पन्नाशीच्या. जन्मभर घमेली वाहून त्यांच्या डोक्याच्या मधोमध केसच उरले नव्हते. अक्षरओळख नाही, पण झोळीतलं मूल कोणाचं आहे हे त्या पाठमोऱ्या बसूनही सांगत. कसं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी हुरळून गेले. इतकी गुणी मुलं मी पाहिली नव्हती. सकाळी झोळीत घातली की दुपारपर्यंत हूं की चूं नाही! पर्यवेक्षिका येणार होत्या, म्हणून मी नोंदवहीत छान अक्षरात लिहिलं, 'मुले शांत व समाधानी आहेत', आणि यमुनाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. "पोट्टे शांत काहून आसतीन मास्तरीणबाई? भूक लागन, वलं होईन, माय पाहिजे आसन, तं पोट्टं बोंबलनच." मग त्यांनी मला एका झोळीशी नेलं आणि बाळाच्या तोंडाचा वास घ्यायला लावला. कडवट वास होता. कामावर येताना आया मुलांना अफूची बारीक गोळी चाटवत. मूल रडलं की हात थांबतो, हात थांबला की मुकादम उद्या येऊ नको म्हणतो. मी नोंदवहीतलं पान फाडलं. मला माझीच लाज वाटली.

यमुनाबाई कोणाला बोलत नसत. सकाळी मूल हातात घेतलं की त्याच्या तळपायावर बोटानं टिचकी मारायच्या. कपाळाला आठी पडली तर झोळीत. नाही पडली तर ते मूल दिवसभर त्यांच्या मांडीवर.

गिरजाची सरू तेव्हा पाच महिन्यांची होती. नवरा सोडून गेलेला, माहेरी कोणी नाही, त्यामुळे हे काम सुटलं असतं तर गिरजा उघड्यावरच पडली असती. त्या दिवशी सकाळी सरूच्या कपाळाला आठी पडली होती, पण गोळी उशिरा चढली असावी, दुपारी ती उठेचना. ओठ निळसर, श्वास लांब लांब. साइटवरचा कंपाउंडर गावाला गेलेला. "ट्रक थांबवा, जा," यमुनाबाई म्हणाल्या, आणि मी उन्हात रस्त्यावर धावले. मुरमाचा ट्रक मिळेपर्यंत बराच वेळ गेला. त्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. ट्रक घेऊन परत आले तर शेडमधून रडण्याचा आवाज येत होता. इतकं चांगलं रडणं मी पुन्हा ऐकलेलं नाही.

संध्याकाळी गिरजा आली. तिला काय काय सुनवायचं ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. यमुनाबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, गोळी दिलीस का हे तिला विचारलंच नाही, आणि मुलगी तिच्या हातात देत म्हणाल्या, "लय रडली वं तुयी पोट्टी. डोकं खाल्लं माह्यं. उद्यापासून दोनदा पाजाले येत जाय. तेवढा वेळ तुयं घमेलं मी नेईन."

"मुकादम?" गिरजा पुटपुटली.

"त्याले घमेलं चालताना दिसलं पाहिजे. खाली कोन हाय, तो कुठं पाहते?"

दुसऱ्या दिवशी त्या बाईनं या वयात पुन्हा चुंबळ डोक्यावर ठेवली, पदर पुढे ओढला आणि ती गिरजाच्या जागी रांगेत शिरली. महिनाभरात आणखी दोन वयस्क रेजा तसं करू लागल्या. गोळ्या एकेक करून बंद झाल्या. पुढच्या खेपेला मुलांच्या रडारडीत पर्यवेक्षिकांना माझ्याशी ओरडून बोलावं लागलं, आणि त्या नाराज होऊन गेल्या.

सरू आता सातवीत आहे. हातगाडीशी उभी राहून मी शेवटी गिरजालाच विचारलं, "त्या दिवशी सरूला काय झालं होतं, तुला माहीत आहे?"

तिनं तराजू खाली ठेवला. "मी आली होती नं बाई. दूध भरून आलं, छाती दुखून राह्यली होती, म्हनून नजर चुकवून आली. तुमी नव्हत्या. यमुनाबाई तिच्या तळपायावर मारून राह्यल्या होत्या, नाव घेऊन घेऊन. मी दारातूनच पाह्यलं... अन् पळाली. जाऊन घमेलं उचललं."

ती पदरानं डोळे पुसत राहिली.

"संध्याकाळी त्यायनं मले इचारलं असतं नं, तं मी पोरीची शपथ घेऊन खोटं सांगतलं असतं. मंग त्यायच्या समोर कोन्या तोंडानं गेली असती? पोट्टीले घेऊन दुसऱ्या साइटवर गेली असती बाई... तिथं यमुनाबाई थोडीच होत्या?"